पातेले आणि पंगत

अन्नाविषयी आपल्या पूर्वसूरींनी जितका विचार केला तितका दुसऱ्या कोणत्याही ऐहिक वस्तूविषयी क्वचितच केला असेल. एकीकडे तैत्तिरीय उपनिषदाने अन्नाला ब्रह्मपदी बसविले आणि त्याची निंदा करू नये असा दंडक घालून दिला. दुसरीकडे स्मृतिकारांनी काय खावे, केव्हा खावे, कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या शेजारी बसून खावे, ह्याचे नियम बारकाईने सांगितले. हे सारे नियम एकाच धर्माज्ञेचे भाग होत, त्यांतील एक शिथिल केला की दुसरा आपोआप ढासळतो, अशी आमची कित्येक वर्षांची समजूत होती. काय खावे हा एक प्रश्न आणि कोणाशेजारी खावे हा दुसरा. ह्या दोहोंचे नाते रक्ताचे नसून केवळ शेजाराचे आहे, ही गोष्ट आम्हांस फार उशिरा उमगली. आणि ती उमगली ती कोणत्याही धर्मसभेत नव्हे, तर सातासमुद्रापलीकडील एका साध्या खाणावळीत. त्याची हकीकत येथे सांगण्याचे कारण असे की, त्या एका दुपारच्या जेवणाने आम्हांस आमच्याच हातचा एक जुना कागद पुन्हा वाचावयास लावला.

गतवर्षी घरगुती कारणाने आम्हांस अमेरिकेच्या दक्षिण भागातील न्यू ऑर्लिन्स ह्या शहरी काही दिवस राहण्याचा योग आला. मिसिसिपी नदीच्या वळणावर फ्रेंचांनी १७१८ साली वसविलेले हे बंदर. पुढे ते काही काळ स्पेनच्या ताब्यात होते, आणि १८०३ साली लुइझियाना प्रांताबरोबर अमेरिकेने विकत घेतले. जुन्या पेठेतील घरांच्या पुढे आलेल्या सज्जांकडे आणि रंगविलेल्या भिंतींकडे पाहून पणजीचे फोंताइन्यश आठवल्यावाचून राहत नाही. शहराच्या मध्यभागी कॅनाल स्ट्रीट नावाचा रुंद रस्ता असून त्यावरून अद्यापि ट्राम धावते. त्या रस्त्याजवळच्या एका गल्लीत ही खाणावळ होती. तेथे टेबलावर चादर नाही, की हातात भोजनपत्रिका घेऊन उभा राहणारा वाढपी नाही. आपण ट्रे उचलावा, रांगेत उभे राहावे, काचेपलीकडील वाफाळणाऱ्या पातेल्यांकडे बोट दाखवावे, गल्ल्यावर पैसे मोजावेत आणि मिळेल त्या खुर्चीवर बसावे. रांगेत न्यायालयातील कारकून होते, बांधकामावरचे मजूर होते, गळ्यात ओळखपत्र अडकविलेल्या कचेरीतील बाया होत्या. वकिलाच्या सवयीने आम्ही प्रथम माणसे न्याहाळली, मग पदार्थ.

हे अन्न ‘क्रेओल’ आणि ‘केजन’ ह्या दोन नावांनी ओळखले जाते. ह्यांपैकी पहिल्या शब्दाशी आम्हां गोमंतकीयांचे दूरचे नाते आहे. पोर्तुगीज भाषेत ‘क्रियार’ म्हणजे वाढविणे, पोसणे. त्यापासून ‘क्रियोलु’, म्हणजे घरी अथवा वसाहतीत जन्मून वाढलेला. ‘क्रियादु’ हा पोर्तुगीज शब्दही त्याच धातूचा. त्याचा अर्थ मात्र चाकर. घरात वाढलेला तो घरचा की घरचा चाकर, ह्या प्रश्नाचे उत्तर भाषेने असे दोन शब्दांत वाटून टाकले आहे. लुइझियानात हा क्रेओल शब्द तेथेच जन्मलेल्या फ्रेंच व स्पॅनिश कुळांस, आणि पुढे मिश्र वंशाच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांसही लावला गेला. केजन हा ‘अकेडियन’ शब्दाचा अपभ्रंश. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या नोव्हा स्कोशियात, शेती करून राहणाऱ्या ह्या फ्रेंच लोकांनी इंग्रजांच्या राजनिष्ठेची बिनशर्त शपथ घेण्याचे नाकारले, म्हणून १७५५ पासून त्यांस घरादारांतून उचलून जहाजांवर घातले गेले. त्यांतील कित्येक पुढे लुइझियानाच्या दलदलीच्या प्रदेशात येऊन स्थिरावले. ज्यांच्या पूर्वजांनी कुलदेवतेसह गाव सोडून नदी ओलांडली, त्या वाचकांस ह्या लोकांची व्यथा निराळी समजावून सांगावयास नको.

तेथील सर्वांत प्रसिद्ध पदार्थ गम्बो. तो दाट रश्शाचा प्रकार असून भाताबरोबर खातात. ‘गम्बो’ हे नाव पश्चिम आफ्रिकेतील भाषांतून आले आणि त्याचा मूळ अर्थ भेंडी. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांबरोबर भेंडीही त्या भूमीत आली. रस्सा दाट करण्यासाठी पीठ चरबीत परतण्याची रीत फ्रेंचांची. भेंडी नसेल तेव्हा दाटपणा आणणारी सासाफ्रास झाडाच्या वाळल्या पानांची पूड ही तेथील मूळच्या चॉक्टॉ लोकांची देणगी. कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरीचे देठ ह्या तीन जिनसांवाचून तेथे फोडणी होत नाही, आणि त्या तिघांस तेथील ख्रिस्ती लोक थट्टेने ‘पवित्र त्रयी’ म्हणतात. पाहता पाहता आम्हांस आमचे खतखते आठवले. देवळातील समाराधनेत ज्याच्यावाचून पान पुरे होत नाही, त्या खतखत्यातही किती भाज्या आपापली चव राखून एकमेकींत मिसळलेल्या असतात! त्याहून अधिक आठवला तो काला. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या आणि कृष्णाने त्या एकत्र कालविल्या, ही कथा आपण दर वर्षी कीर्तनात ऐकतो. गोमंतकात काल्याचा उत्सव कित्येक देवळांतून थाटाने होतो. गम्बो हा त्या अर्थाने त्या शहराचा काला आहे.

परंतु तो दिवस सोमवार होता, आणि न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवारी राजमाभात खावयाचा असा प्रघात आहे. पूर्वी सोमवार हा कपडे धुण्याचा वार. रविवारच्या जेवणातील डुकराच्या मांसाचे हाड उरलेले असे. ते भिजविलेल्या राजम्यात टाकून पातेले मंद आचेवर ठेवावयाचे आणि दिवसभर धुणे करावयाचे, म्हणजे पातेल्याकडे वारंवार पाहावे लागत नसे. धुण्याची यंत्रे आली तरी वार टिकला. गंमत अशी की, आमच्याही घरी सोमवार हा नियमाचाच वार. एरवी मासळीवाचून ज्याचे पान हलत नाही, असा गोमंतकीय सारस्वत सोमवारी शिवराक जेवतो. मंगेशाचा वार म्हणून जेवतो आणि मंगळवारी बाजारात पुन्हा सुरमईचा भाव विचारतो. त्यामुळे गम्बोतील कोळंबीकडे, जिचे आम्हांस एरवी वावडे नाही, त्या दिवशी पाहावयाचे नव्हते. राजमा पाहून मात्र आम्ही आनंदलो. कडधान्य ते, त्यात काय असणार!

काचेपलीकडे वाढणारी बाई कृष्णवर्णीय असून वयाने आम्हांहून थोरली असावी. राजमा मागताच तिने पळी थांबविली. त्या शहरात परक्यासही ‘बेबी’ म्हणून हाक मारण्याची रीत आहे. चाळिशी ओलांडलेल्या वकिलास ती हाक मिळाल्यावर क्षणभर मागे वळून पाहावेसे वाटते. ती म्हणाली, “बेबी, तुम्ही मांस खाता ना? कारण ह्यात डुकराचे मांस आहे, नुसते वर ठेवलेले नव्हे, आत शिजलेले.” आम्ही नाही म्हटले. “मग ही पालेभाजीही नको, तिच्यातही आहे. तळलेली भेंडी दिसते ती कोळंबीच्याच तेलात तळली आहे. मक्याच्या पावात अंडे आहे.” मागे रांग वाढत होती. तिने पळी ठेवली, आत जाऊन स्वयंपाक्यास विचारले आणि परत येऊन सांगितले, “टोमॅटोतली भेंडी चालेल. तिला तेल आणि कांदा, एवढेच.” मग तिने निराळी स्वच्छ पळी घेऊन भात आणि भेंडी वाढली. हा नियम कोणत्या देवाचा, कोणत्या शास्त्राचा, हे तिने विचारले नाही. मागच्या माणसांपैकीही कोणी कुरकुरले नाही.

आम्ही ट्रे घेऊन वळलो तो एकही टेबल रिकामे नव्हते. एका वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थांनी समोरच्या खुर्चीवरील आपली टोपी उचलली आणि खुणेने बसावयास सांगितले. त्यांच्या ताटात तोच राजमा होता आणि त्यावर डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा जाडसर तुकडा. त्यांनी हात जोडून, मान लववून प्रार्थना केली, आणि आमचेही पहिले घासाचे आचमन होईतो घास उचलला नाही. मग बोलणे निघाले. आम्ही वकील हे कळल्यावर ते हसले आणि कॅनाल स्ट्रीटच्या दिशेने बोट दाखवून म्हणाले, “मी लहान असताना आई मला तिकडे मोठ्या दुकानांत नेई. माझे बूट घेई, वह्या घेई. दुकानातच खाण्याचा ओटा असे. खाण्याचा वास येई. पण आम्हांला तेथे बसता येत नसे. आमचे पैसे त्यांना चालत. अन्न बांधून द्यायलाही कित्येकांची हरकत नसे. हरकत होती ती खुर्चीला.”

ते पुन्हा जेवू लागले. त्यांस ह्यापुढे काही सांगावयाचे नव्हते. आमचा घास मात्र तेथेच अडला. ‘हरकत खुर्चीला होती’ हे वाक्य आमच्या कानांस अनोळखी नव्हते. दुसऱ्या भाषेत आणि पुष्कळ सभ्य शब्दांत ते आम्हीच एकदा लिहिले होते.

त्या शहराचा इतिहास कायद्याच्या विद्यार्थ्यास अपरिचित नसतो. लुइझियाना राज्याने १८९० साली गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी आगगाडीचे वेगळे डबे ठेवण्याचा कायदा केला. त्यास आव्हान देण्यासाठी होमर प्लेसी नावाचा एक क्रेओल गृहस्थ १८९२ साली न्यू ऑर्लिन्समध्ये मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला. त्याच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी सात गोरे असल्याचे सांगितले गेले. दिसण्यात भेद नव्हता, म्हणून आपली जात त्यास स्वतः उच्चारून सांगावी लागली. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, एकट्या न्यायमूर्ती हार्लन ह्यांचा विरोध सोडता, निर्णय दिला की डबे वेगळे असले तरी सोय समान आहे, सबब समतेचा भंग होत नाही. वेगळेपणात जर कोणास हीनता भासत असेल तर तो भासणाऱ्याच्या मनाचा अर्थ, कायद्याचा नव्हे. ‘वेगळे परंतु समान’ हे ते सुप्रसिद्ध तत्त्व. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ शाळा, पाणपोया, बाके आणि खाण्याचे ओटे त्या तत्त्वाच्या आश्रयाने वेगळे राहिले. प्लेसीला त्या राज्याच्या गव्हर्नरांनी क्षमापत्र दिले ते २०२२ साली, तो मरून जवळ जवळ एक शतक लोटल्यावर.

सप्टेंबर १९६० मध्ये ह्याच कॅनाल स्ट्रीटवरील एका दुकानाच्या खाण्याच्या ओट्यावर रूडी लोम्बार्ड, ओरेथा कॅसल, सेसिल कार्टर हे तीन कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि लॅनी गोल्डफिंच हा एक गोरा, असे चौघे शांतपणे जाऊन बसले आणि उठावयास नकार दिल्यामुळे पकडले गेले. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. त्याच सुमारास त्या शहरातील डूकी चेस ह्या उपाहारगृहाच्या माडीवर लिया चेस ही सुगरण बाई कायद्याची पर्वा न करता काळ्या-गोऱ्या कार्यकर्त्यांस एकत्र बसवून गम्बो वाढीत असे. २०१९ साली ती वारली तेव्हा सारे शहर हळहळले. अखेर १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला आणि उपाहारगृहातील भेद बेकायदा ठरला.

त्या कायद्याविरुद्ध बर्मिंगहॅम शहरातील एका खाणावळीचा मालक न्यायालयात गेला. त्याची खाणावळ कृष्णवर्णीयांस अन्न बांधून देई, आत बसू देत नसे. आणि तिच्यातील नोकरांपैकी सुमारे दोनतृतीयांश मात्र कृष्णवर्णीयच होते. म्हणजे शिजविणारा हात चाले, तोच हात टेबलावर टेकलेला चालत नसे. त्याच वर्षी न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला; पण कशाच्या आधारे? त्या खाणावळीने वर्षभरात घेतलेल्या अन्नसामग्रीपैकी ४६ टक्के म्हणजे ६९,६८३ डॉलर किंमतीचे मांस परराज्यांतून आले होते, म्हणून तिचा धंदा आंतरराज्य व्यापाराच्या कक्षेत येतो, ह्या आधारे. कायद्याची ही वाट आम्हांस नेहमीच उदास करीत आली आहे. माणसाच्या मानास जेथे पोचता आले नाही तेथे मांसाच्या प्रवासाचा हात धरून पोचावे लागले.

ह्या इतिहासातून जी गोष्ट डोळ्यांत भरते ती ही. त्या शहराच्या पातेल्यात आफ्रिकेची भेंडी, फ्रान्सची रीत आणि मूळ रहिवाशांची पूड अठराव्या शतकापासून एकत्र शिजत होती. ते अन्न सर्वांनी चवीने खाल्ले. कोणासही त्यात विटाळ दिसला नाही. पातेल्यात जे दोन शतके एकजीव झाले ते टेबलाशी शेजारी शेजारी बसण्यास मात्र १९६४ साल उजाडावे लागले. तेव्हा भेद अन्नातून निघत नाही हे उघड आहे. अन्न हे त्याचे निमित्त असते.

आता आमच्या कागदाकडे येऊ. आम्ही एका देवस्थानाचे कायदेविषयक सल्लागार आहोत. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. पुष्कळ वाचकांस ते आपल्याच गावचे वाटेल आणि तसे वाटण्यात फारशी चूक होणार नाही. काही वर्षांपूर्वी त्या देवळाच्या सेवेकरी घराण्यांतील काही तरुणांनी समितीकडे अर्ज केला. पालखी वाहणारी, वाद्ये वाजविणारी, दिवट्या धरणारी ही घराणी. अर्ज चार ओळींचा होता. वार्षिक उत्सवात महाप्रसादाच्या दोन पंक्ती होतात. पहिली अग्रशाळेत महाजनांची, दुसरी ती उठल्यावर बाहेरच्या मांडवात इतरांची. ती एकच व्हावी, एवढीच विनंती. समितीने आमचे मत मागितले. आम्ही चार पाने लिहिली.

त्या चार पानांत आम्ही मुलकीच्या वेंकटरमण देवस्थानाच्या प्रसिद्ध खटल्याचा आधार घेतला. ते देवालय गौड सारस्वत ब्राह्मणांचे. १९५७ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, देवालय एका पंथाचे असले तरी सर्व वर्गांच्या हिंदूंस दर्शनाचा जो हक्क संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदात आहे, तो २६ व्या अनुच्छेदातील पंथाच्या हक्काहून वरचढ होय. मात्र काही विशेष विधींच्या वेळी पंथास ते आपल्यापुरते राखता येतील, जर त्यानंतर इतरांकडे उरणारा हक्क भरीव राहत असेल तर. ह्या निर्णयाचा पूर्वार्ध मोठा आहे आणि उत्तरार्ध हा त्यास जोडलेला अपवाद. आम्ही अपवाद उचलला आणि नियम तळटीपेत टाकला. मग समारोपात लिहिले की, दोन्ही पंक्तींस अन्न एकच, पदार्थ तेच, वाढपीही तेच. केवळ वेळ व जागा भिन्न, सबब कोणाचाही हक्क हिरावला जात नाही. मसुदा चोख उतरल्याचे समाधान त्या रात्री आम्हांस वाटले होते, हेही येथे कबूल केले पाहिजे.

समितीने ते मत स्वीकारले. पुढच्या उत्सवात त्या तरुणांनी पालखी वाहिली, वाद्ये वाजविली, दिवट्या धरल्या. एकाही सेवेत उणे पडू दिले नाही. आणि महाप्रसादाची वेळ झाली तेव्हा ते न जेवता घरी गेले. भांडण झाले नाही, घोषणा झाल्या नाहीत. मांडवात काही पाने मांडलेली तशीच राहिली, एवढेच. आम्ही त्या वेळी अग्रशाळेत पहिल्या पंक्तीत होतो, आणि खतखते फार चांगले झाले होते.

‘अन्न एकच, जागा वेगळी’ आणि ‘वेगळे परंतु समान’ ह्यांत अंतर ते कोणते? न्यू ऑर्लिन्सच्या त्या टेबलाशी बसून आम्ही प्रामाणिकपणे ते शोधले, आणि आम्हांस सापडले नाही.

येथे जाणता वाचक शंका घेईल की, मग आहाराचे नियमच सोडावेत काय? तुम्ही स्वतः त्या खाणावळीत राजमा नाकारला ना? नाकारला, आणि तेथेच ह्या प्रश्नाची किल्ली आहे असे आम्हांस वाटते. जो नियम मी माझ्या हातावर घालतो, त्याचा भार मीच वाहतो. मी राजमा खाल्ला नाही, माझे ताट साधे राहिले; समोरच्या वृद्धाच्या ताटातील एकही घास त्यामुळे कमी झाला नाही. ह्यास व्रत म्हणावे. जो नियम मी दुसऱ्याच्या आसनावर घालतो, त्याचा भार तो वाहतो आणि पुण्य मात्र मी माझ्या खात्यावर जमा करतो. त्यास व्रत म्हणता येत नाही. मी काय खाणार नाही हे सांगण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. कोण माझ्या शेजारी बसणार नाही हे सांगताना मी माझ्या ताटाची कक्षा ओलांडून दुसऱ्याच्या देहावर सत्ता सांगू लागतो. त्या दुपारी आमचा सोमवार डुकराच्या मांसापासून दोन हातांवर बसून अखंड राहिला. व्रत जर इतके खंबीर असते, तर त्याच्या रक्षणासाठी भिंत कशास हवी?

दुसरी शंका अधिक नाजूक आहे आणि ती आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांनी डोळ्यांत पाणी आणून विचारली. ते म्हणाले, “पोर्तुगीजांच्या भयाने आपल्या पूर्वजांनी रातोरात मूर्ती उचलल्या, नदी ओलांडली, सर्वस्व सोडले. हे देवूळ त्या त्यागावर उभे आहे. त्याचा एवढाही मान आपण राखू नये काय?” ह्या बोलण्यातील वेदना खरी आहे. सोळाव्या शतकात, १५६० च्या आसपास, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. पण ज्या अंत्रुज महालात आपल्या देवांस आसरा मिळाला, तो त्या काळी विजापूरच्या आदिलशाहीत होता. निर्वासित देवांस जागा देताना त्या भूमीने त्यांचे कूळ विचारले नाही. हाकलले गेल्याची आठवण दोन रीतींनी जपता येते. एक, ‘आम्हांस हाकलले होते, म्हणून ही जागा आमचीच’. दुसरी, ‘आम्हांस हाकलले होते, म्हणून येथून कोणास उठवावयाचे नाही’. अकेडियन लोक घरांतून उचलले गेले, त्यांची नातवंडे-पतवंडे लुइझियानात रुजली. आणि त्याच राज्याने १८९० चा कायदा केला तेव्हा त्या आठवणीने त्यास अडविले नाही. सोसलेला अन्याय माणसास आपोआप न्यायी करीत नाही. त्यासाठी आठवणीवर काही निराळे संस्कार करावे लागतात.

तिसरी शंका व्यवहाराची. देवळात सर्वांस दर्शन खुले आहे, प्रसाद सर्वांस मिळतो. मग पंक्तीचा एवढा बाऊ कशास? आमचे उत्तर असे की, प्रसाद हा देवाचा आणि पंगत ही आपली. देव काय देतो ते त्या वाटीत दिसते. आपण काय देतो ते आसनावरून दिसते. भारतीय संविधानाने १९५० सालीच, अमेरिकेच्या आधी चौदा वर्षे, १५ व्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे सर्वांस मोकळी केली; गोमंतकात ते संविधान १९६१ नंतर आले. त्यामुळे बाजारातल्या कोणत्याही हॉटेलात आज ते पालखी वाहणारे तरुण आणि आम्ही एका टेबलाशी बसून चहा घेतो, आणि त्यात आम्हांस काही वावगे वाटत नाही. जेथे पैसे मोजावे लागतात तेथे समता, आणि जेथे देवाच्या नावाने वाढले जाते तेथे मात्र भेद, हा हिशेब देवाच्या दारी कोणत्या तोंडाने मांडावा? पंढरपूरचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली प्राणांतिक उपोषण केले. अन्न न घेऊन त्यांनी जे मागितले तेच त्या तरुणांनीही एका दुपारी न जेवून मागितले. फरक इतकाच की, त्यांचे उपोषण कोणी मोजले नाही.

आम्ही परत आल्यावर समितीस पत्र लिहिले. त्यात पूर्वीचे मत मागे घेतले आणि मुलकीच्या निर्णयाचा पूर्वार्ध ह्या वेळी आरंभी लिहिला. हेही स्पष्ट केले की, न्यायालयात आमचे जुने मत कदाचित टिकेलही. पंक्तीविषयी कायदा अजून सर्व ठिकाणी निःसंदिग्ध नाही. परंतु जे टिकू शकते ते सारे योग्य असते असे मानले तर वकिलाने धर्माविषयी बोलू नये हे बरे. एका सदस्यांनी बैठकीत विचारले, “वकिलाने दिलेले मत परत घेता येते काय?” कायद्याच्या दृष्टीने घेता येते. ज्या पानांवरून लोक उठून गेले, ती पाने मात्र परत मांडून भरत नाहीत. त्यासाठी माणसांस पुन्हा बोलवावे लागते, आणि त्यांनी यावे की नाही हे त्यांच्या मनावर असते.

समितीने अद्याप निर्णय घेतलेला नाही. दोन मते इकडे, दोन तिकडे, आणि एक सदस्य विचार करीत आहेत. आम्ही आमच्यापुरते ठरविले आहे. पंगत एक झाली तर उत्तमच. न झाली तर येत्या उत्सवात आम्ही पहिली पंक्त उठेपर्यंत थांबू आणि बाहेरच्या मांडवात बसू. तेथे आमच्याशेजारी कोणी बसेल की पाने पुन्हा रिकामीच राहतील, हे आम्हांस ठाऊक नाही. बोलावण्यास मात्र आम्ही स्वतः जाणार आहोत, प्रत्येक घरी, आणि अर्जाच्या त्या चार ओळींचे उत्तर ह्या वेळी तोंडी देणार आहोत.

त्या खाणावळीतून निघताना वृद्ध गृहस्थांनी आपली टोपी उचलली आणि खुर्ची सरळ करून ठेवली. ट्रे घेऊन उभ्या असलेल्या पुढच्या माणसास त्यांनी खुणेने बसावयास सांगितले. तो कोण, कोठला, हे त्यांनी पाहिलेही नाही.